मेणातले दात

माझा धाकटा भाऊ दात करतो. काढत नाही, करतो. काढणारे ते डॉक्टर. त्यांच्या दारावर पाटी असते आणि आत वर-खाली होणारी खुर्ची असते. ते माणसाच्या तोंडाचं माप घेतात, त्या मापात प्लास्टर ओतलं की जबड्याचा साचा निघतो, आणि तो साचा डब्यात घालून माझ्या भावाकडे येतो. भाऊ त्यावर मेण चढवतो, मेणात एकेक दात बसवतो, सगळं जमलं की मेण काढून त्या जागी पक्की गुलाबी हिरडी भरतो. झाली कवळी. ज्याच्या तोंडात ती जाते तो माझ्या भावाला जन्मात भेटत नाही. गल्लीत त्याला सगळे कवळीवाले म्हणतात. त्याचं खरं नाव आता बहुधा मला आणि वीजबिलालाच ठाऊक असेल.

मी त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. बत्तीस वर्षं एका कचेरीत टायपिंग केलं आणि जिभेला धार तिथेच लागली. त्याच्याच इमारतीत दोन मजले वर राहते. त्याची कामाची खोली तळमजल्यावर आहे, तिच्यामागे त्याचं घर.

गेल्या वर्षी माझी भावजय गेली. दुपारी चहाचं आधण ठेवलं आणि स्वयंपाकघरातच खाली बसली, तेवढंच. त्यानंतर भाऊ खुर्चीत बसला तो बसलाच. रडला नाही, आजारी पडला नाही, दारूला शिवला नाही. सकाळी खोली उघडायची, खुर्चीत बसायचं, संध्याकाळी खोली बंद करायची. डॉक्टरांचे फोन आले की म्हणायचा, “उद्या देतो.” महिन्याभरात निम्म्या डॉक्टरांनी दुसरा माणूस बघितला, तीन महिन्यांत बहुतेक सगळ्यांनी. याला त्याचंही काही वाटलं नाही. ते बघून मात्र मला धडकी भरली.

लोकांना सल्ला द्यायला काय जातं? एकाने सांगितलं रोज फिरायला जा. एकीने सांगितलं कुंड्या आणा, झाडं लावा. मीही शहाणी, एका पांढऱ्या कागदावर ठळक अक्षरांत वेळापत्रक टाइप केलं. सहा वाजता उठणे, साडेसहाला अंघोळ, आठला कामाला बसणे. ते त्याच्या खुर्चीसमोर डकवलं. त्याने ते वाचलं नाही आणि काढलंही नाही. रागाने फाडलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्या खोलीत फार वेळ थांबवत नसे. दोन भिंतींना छतापर्यंत फळ्या आहेत आणि फळ्यांवर जुने साचे. हजारभर तरी असतील. वरचा जबडा, खालचा जबडा, सगळे पांढरे, सगळे रस्त्याकडे तोंड करून. यातली कितीतरी माणसं आता नाहीत, पण त्यांची तोंडं इथे आहेत. बाहेरून एखादा ट्रक गेला की फळ्या थरथरतात आणि ती सगळी तोंडं एकदम हलतात. आयुष्यभर मी त्यांच्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं. भावजय गेल्यावर मात्र खाली उतरलं की पाठीमागे कुणीतरी बोलायच्या बेतात आहे असं वाटायचं, आणि ते बोलण्याआधी मी वर पळायचे.

दुपारी तीनच्या सुमारास खालून आवाज यायचा. टक. थोड्या वेळाने पुन्हा, टक. मी खिडकीतून ऐकायचे. एकदा चपला हातात घेऊन जिना उतरले आणि दाराच्या फटीतून बघितलं. भावाने दोन साचे हातात घेतले होते आणि तो ते कानापाशी धरून एकमेकांवर मिटत होता. या धंद्यात हे सगळेच करतात. वरचे-खालचे साचे नीट जुळले की एकच आवाज येतो, जुळले नाहीत तर दोन येतात. पण तो तपासत नव्हता. डोळे मिटून तो नुसता ऐकत होता. साच्याच्या बुडाशी पेन्सिलीने माणसाचं नाव आणि कधी द्यायचं ती तारीख लिहायची पद्धत आहे. या साच्यावर नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं, ‘घरचं’. तारखेची जागा कोरी होती.

ते साचे माझ्या भावजयीचे होते.

आता हे सांगायलाच हवं. जाण्याआधी दोन वर्षं तिच्या हिरड्या गेल्या आणि डॉक्टरांनी सगळे दात काढले. त्याआधी भावानेच तिचं माप घेतलं होतं. म्हणाला, तुझी कवळी अशी करीन की तुला स्वतःला कळणार नाही. आणि मग ते साचे वरच्या फळीवर ठेवले. बाहेरचं काम यायचं, त्याला तारीख असायची, डॉक्टर ओरडायचे. घरच्या कामाला तारीख नव्हती आणि ओरडणारंही कुणी नव्हतं. उद्या, या रविवारी, हे चार डबे गेले की. दोन वर्षं ती पाव चहात बुडवून खात होती. हसताना तोंडावर पदर धरायची, पुढेपुढे हसायचीच नाही. शहरभर लोक माझ्या भावाच्या हातचे दात घालून पेरू खात होते आणि त्याची बायको केळं कुस्करत होती. ती गेली तेव्हा तोंड पार आत ओढलं गेलं होतं. लोक बघायला येऊ लागले, तेव्हा भावाने खिशातला रुमाल काढून तिच्या ओठांवर ठेवला आणि शेवटपर्यंत कुणाला तो उचलू दिला नाही.

लोकांना वाटलं, दुःख आहे, ओसरेल. मला माहीत होतं की नुसतं दुःख नाही. त्यालाही माहीत होतं. आम्ही बोलत नव्हतो इतकंच. आणि अशीच आणखी दोन वर्षं गेली तर हाही त्या खुर्चीतच संपेल, हे मला रोज जिना उतरताना दिसत होतं.

ती जाऊन दहा महिने झाले तेव्हा एका सकाळी एक म्हातारी बाई आली. हातात कापडी पिशवी, पायात नवऱ्याच्या असाव्यात अशा मोठ्या चपला. मी खाली भावाला चहा द्यायला गेले होते. ती दारातच उभी राहून म्हणाली, “कवळीवाले इथेच ना? आमच्या ह्यांचे दात विचारायला आले.”

भाऊ खुर्चीतून हलला नाही. मीच तिला स्टुलावर बसवलं.

तिचा नवरा बस डेपोत होता. भोंग्यावरून गाड्या पुकारायचा. “छत्तीस वर्षं,” ती म्हणाली, “अख्ख्या डेपोला यांचा आवाज. वीस वर्षांपूर्वी दात गेले तेव्हा तुमच्याच हातची कवळी बसवली होती. पुकारणं एक दिवस बंद पडलं नाही. ती यंदा पडली आणि दुभंगली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवी सांगितलीय, येईल. सात महिने झाले. दुसरीकडे करू म्हटलं तर हे ऐकत नाहीत. तुमच्याच हातची हवी म्हणतात.” तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. “आता म्हणतही नाहीत. बोलले की फसफस होते, म्हणून बोलणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. दुधात पाव भिजवून दिला तर दोन चमचे. कमरेचा पट्टा दोनदा भोक पाडून आवळला. काल सांगितलं, डॉक्टरांकडे चला, तर मान हलवली. आता काय करायचंय म्हणाले.”

ती भांडायला आली असती तर बरं झालं असतं. भाऊ तेव्हा ‘उद्या देतो’ म्हणून मोकळा झाला असता. पण तिच्या आवाजात राग नव्हताच. बोलता बोलता तिची नजर खालच्या फळीवर गेली. तिथे चारपाच डबे धूळ खात पडले होते आणि एकावर तिच्या नवऱ्याचं नाव होतं. ती उठली, पदराने डबा पुसला, उघडून आत बघितलं.

“हे यांचंच का?” तिने विचारलं. “इतकं लहान असतं होय तोंड.” मग डबा बंद करून तिने तो पिशवीत ठेवला. “घेऊन जाते. इथे पडण्यापेक्षा घरी राहील.”

ज्या सावकाशीने तिने ती पिशवी पोटाशी धरली, ती मी आयुष्यात एकदाच पाहिली होती, आमची आई वडिलांचे कपडे दवाखान्यातून परत घेऊन आली तेव्हा. माझ्या भावालाही तेच आठवलं असावं.

“तो डबा ठेवा, मावशी,” तो म्हणाला. दहा महिन्यांत ‘उद्या’ सोडून पहिल्यांदा तो काहीतरी म्हणाला होता.

यानंतर तो ताडकन उठला आणि कामाला भिडला असं मी लिहिलं तर ते धादांत खोटं होईल. त्या दिवशी त्याने फक्त टेबल पुसलं. तेही अर्धं. दुसऱ्या दिवशी स्पिरिटचा दिवा पेटवला, दहा मिनिटं ज्योतीकडे बघत बसला आणि विझवला. तिसऱ्या दिवशी काहीच नाही. मी वरून कान देऊन बसले होते आणि दुपारी पुन्हा ती टक ऐकू आली, तेव्हा मी देवाला, डॉक्टरिणीला आणि माझ्या भावाला, तिघांनाही एका दमात शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी खाली गेले तर मेणाचा वास येत होता. तो म्हणाला, “ताई, दार ओढून घे. वाऱ्याने ज्योत हलते.” मी दार ओढलं आणि पायरीवर बसून पदरात तोंड खुपसून रडले. कशाला खोटं बोलू.

काम करताना तो माझ्याशी बोलत नव्हता, पण खोलीत कुणाशी तरी बोलत असल्यासारखा असायचा. मधेच मान वळवून बाजूला बघायचा. एखादा दात बोटांत धरून बाजूला सरकवायचा, जणू कुणी तरी म्हणालंय की हा नको, तो घे. मला ते बघवत नसे. पण हात चालत होते, आणि चालते हात थांबवायची माझी छाती नव्हती. आठवड्याभरात मेणातले दात उभे राहिले.

मेणात असताना दात एकदा माणसाच्या तोंडात घालून बघतात. मेण मऊ असतं, तिथे चूक दिसली तर सुधारता येते, हिरडी पक्की झाली की खेळ संपला. हे काम खरं तर डॉक्टरांचं. पण पुकारणारे काका घराबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हते आणि डॉक्टरीणबाई माझ्या भावावर इतक्या वैतागल्या होत्या की फोनवर म्हणाल्या, तुम्हीच जा आणि लावून बघा, नीट वाटलं तर मग मी बघते. भावाने दिवा, मेण आणि छोटी सुरी पिशवीत भरली. मला म्हणाला, “तू चल.” का ते सांगितलं नाही.

त्यांचं घर म्हणजे दोन खोल्या. स्वयंपाकघरात फुलाफुलांचं प्लास्टिक घातलेलं टेबल आणि समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी खिडकी. म्हातारीने नवऱ्याला हाताला धरून आणलं. उंच माणूस, पण शर्टात कुणी नसल्यासारखा. तो भावाकडे बघेना. भावाने त्याच्या हनुवटीला हात लावला तेव्हा मात्र त्याने तोंड उघडलं.

“चावायचं नाही, काका. नुसतं मिटा,” भाऊ म्हणाला. “आता साठपासून आकडे म्हणा.”

साठपासून म्हणायला लावायचं कारण असतं. वरचे पुढचे दात केसभर जरी इकडेतिकडे झाले तरी ‘स’ निसटतो. म्हाताऱ्याने जीभ दातांवरून फिरवली. मग म्हणाला, “साठ.” थांबला. स्वतःचाच आवाज ऐकून घाबरल्यासारखं बायकोकडे बघितलं. “एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट.” प्रत्येक आकड्यावर ‘स’ लख्ख वाजत होता. अडुसष्टच्या पुढे त्याला थांबवेना. सत्तर झालं, बहात्तर झालं, आणि मग छातीत हवा भरून तो म्हणाला, “गाडी क्रमांक त्र्याहत्तर, फलाट सहावरून सुटण्याच्या तयारीत आहे.” म्हातारी मटकन खुर्चीत बसली. म्हणाली, “अहो, हळू. शेजारचे धावत सुटतील.” आणि म्हातारा हसला.

म्हाताऱ्याच्या तोंडात माझी भावजय हसत होती. तिचा वरचा डावा सुळा शेजारच्या दातावर जरासा चढलेला होता, त्यामुळे ती हसली की ओठ तिथे अडकायचा आणि हसू त्या बाजूला किंचित वर जायचं. लग्नात मी तिला त्यावरून चिडवलं होतं. ते दात काढून तीन वर्षं होत आली होती. आणि आता तो सुळा, ती अडलेली ओठाची कड, ते एका बाजूला चढलेलं हसू, सगळं जसंच्या तसं एका अनोळखी म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर बसलं होतं. भावाच्या बोटांनी त्याला न विचारता ते बसवलं होतं.

मी भावाकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

म्हातारी म्हणाली, “किती छान दिसताय हो.” तिला काय माहीत. कुणालाच कळलं नसतं. मला मनातून वाटत होतं, राहू दे, रे बाबा. राहू दे तिला कुठेतरी. निदान डेपोच्या रस्त्याने येताजाता दिसेल तरी.

“चुकलंय,” भाऊ म्हणाला. “काढा, काका. हे तुमचे नाहीत.”

“माझे नाहीत म्हणजे?” म्हाताऱ्याने तोंडावर हात धरला. सात महिन्यांनी मिळालेलं तो सोडायला तयार नव्हता. “चांगले आहेत की. बोलता येतंय मला.”

“माझ्या बायकोचे आहेत,” भाऊ म्हणाला. “ती गेल्या वर्षी गेली. माझ्या हातून तिचे लागलेत.”

म्हाताऱ्याने दोन बोटांनी दात काढले आणि भावाच्या तळहातावर ठेवले.

भावाने टेबलावर दिवा पेटवला. सुरी तापवली. सुळ्यापाशी नेली आणि तशीच धरून राहिला, ती निवेपर्यंत. पुन्हा तापवली. पुन्हा निवली. चार वेळा असं झालं. मग त्याने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “मी तिला दात दिले नाहीत, ताई. वेळ नव्हता असं नाही. दोन वर्षं मी नुसता उद्या म्हणत होतो. आणि तिने मला एकदाही विचारलं नाही. एकदा विचारलं असतं तर मी त्याच दिवशी बसलो असतो. का विचारलं नसेल तिने?”

मला गप्प बसता आलं असतं. दहा महिने बसलेच होते.

“मला विचारलं होतं,” मी म्हटलं. “माझ्याकडे आली होती वर. म्हणाली, वन्सं, त्यांच्याकडे आधीच कामाचा ढीग आहे, मला नाही सांगवत. तुम्ही सहज म्हटल्यासारखं म्हणा. तुमचं ऐकतात. मी तेव्हा पाणी गेलं म्हणून करवादलेली होते. तिला म्हटलं, तुझा नवरा आहे, तूच बघ. त्यावर ती बरं म्हणाली आणि खाली गेली. पुन्हा कधी आली नाही. आणि मी तुला सांगितलं नाही.”

त्याने मान वर केली. इतक्या रागाने त्याने माझ्याकडे लहानपणीही कधी बघितलं नव्हतं. मला भीती वाटली, आणि भीतीच्या आत, सांगायला लाज वाटते, बरंही वाटलं. दहा महिन्यांत त्या डोळ्यांत काही म्हणून नव्हतं. मग त्याने सुरी उचलली, ज्योतीत धरली, ती निवायच्या आत मेणात घातली आणि अंगठ्याने तो सुळा सरळ केला. मेण जरा चकाकलं आणि घट्ट झालं. माझी भावजय त्या टेबलावरून गेली.

म्हाताऱ्याने दात पुन्हा घातले. पुन्हा साठपासून म्हटले. यावेळी हसला तेव्हा तो एक म्हातारा माणूस होता, बस डेपोतला, गाल बसलेला. त्याच्या बायकोने त्याच्याकडे बघत नुसता त्याचा शर्टाचा खांदा सारखा केला.

परतताना भाऊ माझ्यापुढे दहा पावलं चालत होता. नंतरचे सोळा दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी चहा खाली ठेवायचे आणि रिकामा कप पायरीवर मिळायचा. पण रोज सकाळी मेणाचा वास यायचा. काकांची कवळी पक्की झाली, डॉक्टरीणबाईंनी ती बसवली आणि आणखी एक डबा पाठवला. दुपारी तीनला टक ऐकू यायची तशी अजूनही येते. ती जुळणीची आहे की दुसरी कसली, हे मी बघायला जात नाही.

सतराव्या दिवशी मी कप ठेवून वळले, तेव्हा तो पाठमोराच म्हणाला, “तू तेव्हा सांगितलं असतंस ना, तरी मी उद्या करतो असंच म्हणालो असतो.”

मी दारात थांबले. “हे खरं सांगतोयस, की माझी समजूत घालतोयस?”

“माहीत नाही,” तो म्हणाला. “पण तू सांगायला हवं होतंस.”

“हो,” मी म्हटलं. “सांगायला हवं होतं.”

त्याने मान हलवली आणि दिवा जवळ ओढला. समोर दोघांचे साचे होते, एक ‘घरचं’ लिहिलेला आणि एक नव्या डब्यातला, आणि त्यातला नवा शुक्रवारी द्यायचा होता.